समेच्या आधी

बाबा, तुमच्या ट्रम्पेटवाल्याचा स्पेनहून फोन आला आणि त्याने मला विचारलं, की रेकॉर्डवर पियानो कोण वाजवतंय. तुमचीच रेकॉर्ड, तुमचाच पियानो, शारजाच्या त्या शेडमध्ये तुम्ही वाजवलेला. मी म्हटलं, असं काय विचारता, बाबाच आहेत.  तो त्याच्या मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला, "नो, हबीबी. व्हेरी क्लीन, व्हेरी नाइस. बट धिस इज नॉट युअर फादर." मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत चहा घेऊन उभी होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या नसण्याची मला चांगली सवय झालीय. पण तेव्हा मात्र, तुम्ही त्या आवाजात इतकी वर्षं कुठेतरी होतात आणि आता माझ्या हातून निसटलात, असं वाटलं. चहा तसाच ठेवून मी खाली तळ्याकाठी जाऊन बसले आणि दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्सच्या काचांकडे बघत राहिले.

तुमच्याबद्दल मी कोणाला सांगायला लागले की माणसं मधेच थांबवतात. "लॅटिन जॅझ? मराठी माणूस?" मग मला पार मुळापासून सुरुवात करावी लागते. आजोबा पुण्यात संगीत नाटकांना ऑर्गन वाजवायचे, त्यांच्या शेजारी बसून तुमचा हात तयार झाला. नाटकांचे दिवस सरले तेव्हा तुम्ही मुंबईच्या एका हॉटेलात गोव्याच्या बँडमध्ये लागलात, कारण त्यांचा पियानोवाला आजारी पडला होता आणि आपल्याला नोटेशन वाचता येतं अशी थाप तुम्ही बिनदिक्कत मारलीत. तिथून प्रवासी जहाजावर. जहाज पोर्टो रिकोच्या बंदरात दुरुस्तीला थांबलं, तुम्ही एका खानावळीत शिरलात, आणि कोपऱ्यात एक म्हातारा पियानो वाजवत होता. "मी जेवण मागवलं आणि जेवलोच नाही," एवढंच तुम्ही सांगायचात. आई पुढे जोडायची, "पैसे मात्र देऊन आले." मग लग्न, मी, दुबईतल्या हॉटेलच्या लाउंजमधली नोकरी. त्याच हॉटेलच्या वरच्या मजल्यावर लॅटिन बँड होता. त्यांचा पियानोवाला कॉन्ट्रॅक्ट संपून गेला त्या संध्याकाळी तुम्ही कोणाला न विचारता वर जाऊन त्याच्या जागी बसलात, ते पुढे कित्येक वर्षं उठलाच नाहीत. दिवसा तुम्ही प्रोड्युसर. एफएमच्या जाहिराती, मल्याळी भक्तिगीतं, फिलिपिनो गायिकांच्या सीड्या, आणि ज्यांचा अजून खड्डाही खणलेला नव्हता अशा टॉवर्सच्या जिंगल.

तुमचं वाजवणं काय होतं ते मला फार उशिरा कळलं. तुम्ही सांगायचात, "आपली गाणी समेवर येतात. सगळे हिंडून फिरून समेवर भेटतात. या लॅटिनवाल्यांची सम रिकामी असते. ती यायच्या आधीच आपण येऊन बसलेलो असतो." लहानपणी मला वाटायचं बाबा आपली घाई झाकतायत. कारण घाई तुमच्या हाडातच होती. विमानतळावर आपण चार-चार तास आधी. लग्नाला पोचलो की मांडववाले अजून खुर्च्या मांडतायत. घरातली सगळी घड्याळं तुम्ही पुढे करून ठेवायचात, आई ती गुपचूप मागे करायची, आणि त्या भानगडीत खरी वेळ कोणालाच माहीत नसायची. "पाहुण्याने बेल मारायच्या आत दार उघडलं पाहिजे," असं तुम्ही म्हणायचात. आई म्हणायची, "पाहुण्याला जिन्यात तरी चढू द्या."

शारजाच्या औद्योगिक भागातली ती शेड तुम्ही घेतलीत ती भाडं परवडतं म्हणून. एका बाजूला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणारे. दिवसभर ठोकाठोक आणि कटरची किंचाळी. जिंगल कशीबशी व्हायची, पण तुमची स्वतःची रेकॉर्ड तिथे कशी होणार? म्हणून शुक्रवार. शुक्रवारी दुपारी गॅरेजं बंद, रस्ते रिकामे, सगळे नमाजाला नाहीतर झोपलेले. तेवढ्या वेळात तुमचा बँड जमायचा. नमाज संपेपर्यंत तुम्ही वायरी लावायचात, सूर जुळवायचात, आणि मग काम सुरू. एसीचा आवाज येतो म्हणून तो बंद. जूनमध्ये त्या पत्र्याखाली सगळे गळ्यात टॉवेल टाकून वाजवताहेत, गाणं संपलं की एसी लावायला धावताहेत, हे मी कितीदा पाहिलंय. आई थालीपिठं आणि ताकाचा मोठा थर्मास पाठवायची. ट्रम्पेटवाला कोलंबियाचा, आडदांड, सोनेरी दाताचा. तो थालीपीठ दोन्ही हातांत धरून खायचा आणि मला "बॉस की बेटी, टेल मम्मी, वन मोर" म्हणायचा. तुम्ही दोघं एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलायचात ते देव जाणे. थोडं इंग्लिश, थोडं हिंदी, यल्ला, खलास असलं अरबी, आणि उरलेलं हातवारे.

अशाच एका शुक्रवारी तुम्ही मला पियानोवर बसवलंत. मी बारा-तेरा वर्षांची, ग्रेडची परीक्षा डिस्टिंक्शनमध्ये पास झालेली, नवा फ्रॉक. सगळा बँड ऐकत होता. तुम्ही शिकवलेला तो तुकडा, पियानोने पुन्हा पुन्हा घोळवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या आधाराने वाजवायचं तो, मी एकही चूक न करता वाजवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही हळूच पियानोचं झाकण लावलंत आणि म्हणालात, "बरोबर आहे. पण तू पोचल्यावर वाजवतेस." बस. गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडले आणि तुम्हाला ते दिसलं नाही, किंवा दिसूनही तुम्ही बोलला नाहीत. पुढच्या वर्षी मी क्लास सोडला. आता मी एका लॉजिस्टिक्स कंपनीत कंटेनर वेळेवर पोचवायचं काम करते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पोरगी जन्मभर पोचल्यावरच वाजवणार.

मग तो मंदीचा हिवाळा आला. आधी टॉवरवाल्यांचे फोन बंद झाले, मग हॉटेलने बँड बंद केला. ट्रम्पेटवाल्याचा व्हिसा हॉटेलचा, तो कॅन्सल झाला आणि त्याला निघायला महिनाभर मिळाला. तुम्ही त्याला विमानतळावर सोडायला गेलात, अर्थात चार तास आधी. मी गाडी चालवत होते. तुम्ही दोघं एका बाकावर बसून एकच सँडविच वाटून खात होतात. आत जाताना तो म्हणाला, "नेक्स्ट फ्रायडे, बॉस." तुम्ही म्हणालात, "इन्शाल्ला." परतीच्या वाटेवर तुम्ही मला विचारलंत, "रेकॉर्ड अर्धी झालीय ना ग?" ट्रम्पेट सगळ्यात शेवटी घ्यायचा असं ठरलेलं, त्यामुळे सात गाण्यांपैकी एकातही अजून तो घेतलेला नव्हता. मला म्हणायचं होतं, बाबा, आता पुण्याला चला, सगळे चाललेत. पण म्हटलं, "होईल हळूहळू." तुमच्याइतक्या लवकर सगळीकडे पोचणाऱ्या माणसाला निघायची वेळ मात्र कळली नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

त्यानंतरची एक सकाळ. माझ्या ऑफिसात अर्धी टेबलं रिकामी झाली होती, एचआरचा फोन वाजला की सगळे माना खाली घालायचे. अशात तुमचा फोन. "आज वार कोणता?" मी म्हटलं, मंगळवार. "ऐक," असं म्हणून तुम्ही फोन बहुतेक दाराबाहेर धरलात. मी कान लावून ऐकत राहिले. काहीच नव्हतं. हातोडा नाही, कटर नाही, ट्रक मागे घेतानाची पीं-पींसुद्धा नाही. "ॲल्युमिनियमवाल्यांना ऑर्डर नाही. गॅरेजवाला केरळला गेला. कामगार पोरांना घेऊन सोनापूरच्या लेबर कॅम्पहून येणारी बसही येत नाही आता. सगळा आठवडा शुक्रवार झालाय बघ," तुम्ही म्हणालात, आणि हसलात. इतकी वर्षं ज्या शांततेसाठी तुम्ही आठवडाभर वाट बघायचात ती आता फुकट मिळत होती, आणि वाजवायला कोणी उरलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. अजूनही कधी एखादी जागा फार शांत झाली की मला वाटतं, तुम्ही पलीकडे फोन धरून उभे आहात.

तुम्ही रोज जात राहिलात. डबा घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. एकदा तुमची गाडी बंद पडली म्हणून मी न्यायला आले, तर आतला लाल दिवा लागलेला. म्हणजे रेकॉर्डिंग चालू. मी बाहेर पायरीवर बसले. दारातून तुमचा पियानो येत होता, धावत, अडखळल्यासारखा करून परत उभा राहत, आणि मग एकदम थांबला. वाटलं, झालं. तर थोड्या वेळाने पुन्हा सुरू, जिथे सोडला होता तिथूनच. असं दोनदा झालं. तुम्ही बाहेर आलात तेव्हा मी विचारलं, लाइट जातायत का. तुम्ही म्हणालात, "छे. त्याची जागा ठेवतोय. आला की त्याला नुसतं वाजवायचं काम." बाकीच्यांचं वाजवून झालेलं होतं, फक्त ट्रम्पेटच्या जागा मोकळ्या सोडून तुम्ही सातही गाणी पुरी केलीत. आणि मग एका पहाटे छातीत दुखलं, हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं. भेटायला येणारे म्हणत, फार लवकर गेले हो. आई डोळे पुसत म्हणायची, "त्यांची सवयच ती."

ती रेकॉर्ड इतकी वर्षं हार्ड डिस्कवर तशीच होती. या वर्षी आईने विषय काढला. ती आता माझ्याकडेच राहते, सत्ताविसाव्या मजल्यावर, गॅलरीत तुळस लावून. म्हणाली, "मला सोनंनाणं नको. त्यांचं ते एकदा पुरं ऐकायचंय, कान धड आहेत तोवर." मग मी ट्रम्पेटवाल्याला शोधलं. तो मुलीकडे स्पेनमध्ये, सत्तरीचा झालेला, पण म्हणाला, पाठव, वाजवतो. इथे एक चांगला साउंड इंजिनिअर मिळाला, आपल्या पुण्याचाच, नम्र, हुशार. त्याने डिस्कवरचं सगळं काढलं आणि जसजसं साफ होत गेलं तसं ट्रम्पेटवाल्याला पाठवलं. आणि मग तो फोन आला, की पियानो कोण वाजवतंय.

घरी येऊन मी आईला काही न सांगता गाणं लावलं. सुंदर लागत होतं. प्रत्येक सूर लखलखीत. आई भाजी निवडत ऐकत होती. थोड्या वेळाने तिने हात थांबवला. "हे तुझे बाबा नाहीत," ती म्हणाली.

"आई, तेच आहेत ग."

"संसार केलाय मी त्यांच्याशी. हा माणूस वेळेवर येतोय."

मी इंजिनिअरला फोन लावला. तो बिचारा खूश होता. "मॅडम, सरांचा हात मस्तच आहे, पण थोडं रश करत होते ना, ऑलमोस्ट एव्हरीव्हेअर बीटच्या आधी. एकट्याने वाजवलंय, होतं असं. मी सगळं ग्रिडवर अलाइन करून, एकेक सूर बरोबर बीटवर बसवून दिलंय. आणि मधल्या गॅपमध्ये बराच रूम नॉइज होता, तोही काढला. बटर झालंय एकदम."

"ते पहिल्यासारखं करा," मी म्हटलं.

"पहिल्यासारखं म्हणजे?"

"चुकीचं. जसं होतं तसं."

तेव्हा कळलं की तुमची डिस्क एकदाच उघडली आणि मग बसली ती बसलीच, आणि त्याने जे काम केलं ते त्या एकाच कॉपीवर. त्याचा आवाज एकदम लहान झाला. "बघतो मॅडम, कुठे बॅकअप असेल तर." तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. तुम्ही गेलात तेव्हा तुमचे कपडे दिले, शेड सोडली, पियानो एका शाळेला दिला, कशाचंच काही वाटलं नाही, कारण मला माहीत होतं की तुम्ही त्या डिस्कमध्ये आहात. आता कोणीतरी तुम्हाला सरळ करून, भांग पाडून, वेळेवर उभं केलं होतं. त्या आवाजात बोटं तुमची होती आणि आत कोणी नव्हतं. आई रोज विचारायची, "सापडले का?" 'सापडलं का' नाही. सापडले का.

सहा गाणी नाहीच सापडली. सातवं सापडलं, कारण ते त्याने सरळ केलंच नव्हतं. "त्यात सर इतके पुढे आहेत ना मॅडम, की सॉफ्टवेअरला बीटच कळेना. कंटाळून ठेवून दिलं होतं." मी त्या माणसाला रागवायचं ठरवून गेले होते, पण त्याला नमस्कारच करून आले. घरी गाणं लावलं तर माझा मुलगा मोबाइलमधून मान वर करून म्हणाला, "ममा, ही इज सो अर्ली!" आई सोफ्यावर ताठ बसली, पदर सावरला, तुम्ही हॉलमध्ये आल्यावर सावरायची तसा. म्हणाली, "हं. आले."

ते एक गाणं ट्रम्पेटवाल्याकडे गेलं. तीन आठवडे काही कळेना. मग फोन आला, व्हिडिओवर, सोनेरी दात गेलेला, कवळी, पण तेच हसू. म्हणाला, कवळीमुळे हवा निसटते, सगळं मिळून तीस-चाळीस वेळा वाजवलं असेल, त्यातलं बरं निघालं ते पाठवतोय. मग विचारलं, "डिड यू हिअर हिम? इन द गॅप?" मी म्हटलं, गॅपमध्ये तर काही नाही. तो म्हणाला, "माझं वाजवणं संपतं तिथे ऐक. आणि हबीबी, ज्या टेकला मी घाण केली ना, त्यालाही त्याने तेच म्हटलंय."

आम्ही दोघींनी ऐकलं, शनिवारी दुपारी, एसी बंद करून. आईनेच बंद केला. पियानो धावत येतो, थांबतो, आणि त्या मोकळ्या जागेत ट्रम्पेट येतो, म्हातारा, जरा थरथरता, पण येतो. वर चढतो, खाली उतरतो, आणि संपतो. संपतो न संपतो तोच अगदी हळू, पियानोच्या माइकला लांबून लागलेला तुमचा आवाज: "वा!" आणि एक हसणं. त्या रिकाम्या शेडमध्ये, रिकाम्या खुर्चीकडे बघून, कोणी काहीच वाजवलेलं नसताना तुम्ही दाद देऊन ठेवली होतीत. वाजवणारा यायच्या इतकी वर्षं आधी. इंजिनिअरने बाकी सहा गाण्यांतून जो रूम नॉइज काढला, तो हा होता. आई खूप वेळ रडली, मग उठून तिने थालीपिठांचं पीठ भिजवायला घेतलं. मला सगळे म्हणाले, किती भाग्यवान, वडिलांचा आवाज मिळाला.

आता जे आईलाही सांगितलेलं नाही ते सांगते. तो "वा" पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आनंद झाला नाही, बाबा. हेवा वाटला. जळफळाट झाला म्हणा. मला तुमच्याकडून तो कधीच मिळाला नव्हता, आणि हा माणूस समोर नव्हता, वाजवत नव्हता, तरी तुम्ही त्याच्यासाठी काढून ठेवलात. परवा मी ऑफिसला दांडी मारली. आई खालच्या मजल्यावरच्या बायकांबरोबर देवळात गेली होती, मुलगा शाळेत. त्याचा छोटा कीबोर्ड घेतला, लॅपटॉपवर तुमचं गाणं लावलं, आणि ट्रम्पेटचा ट्रॅक बंद केला. तुमचा पियानो धावत आला आणि थांबला. त्या जागेत मी पाच-सहा सूर वाजवले. बोटं गंजलीत. आणि खोटं कशाला सांगू, मी उशिराच आले, पोचल्यावरच वाजवलं.

तरी तुम्ही "वा" म्हणालात.

हे पत्र कुठे पाठवायचं, आणि पाठवलं तरी तुम्ही म्हणाल, हे आधीच कळलं होतं मला. ट्रम्पेटवाल्याला, आईला, सगळ्यांना गाणं पुरं पाठवलंय. माझ्याकडच्या कॉपीत ट्रम्पेट अजून बंदच आहे.